आधी कागद, मग चुना

घर विकायचं ठरलं की चामोर्शीत पहिला फोन रंगाऱ्याला जातो, दुसरा ओळखीच्या दलालाला. वकिलाची आठवण येते ती गिऱ्हाईक इसाराचे पैसे घेऊन दारात उभं राहतं तेव्हा, आणि सौदा तिथेच अडतो. घर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन पंधरा वर्षं झालेली, वारसांची नोंद नाही, एक बहीण राजुऱ्याला दिलेली, एक भाऊ पुण्यात, आणि कराच्या पावतीवर तर अजून आजोबाच जिवंत. नवा रंग पाहून खूश झालेलं गिऱ्हाईक हे कागद पाहून भाव पाडतं, नाहीतर ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून निघून जातं. भिंतीच्या पोपड्यापायी माणूस दहा-वीस हजार कापतो. शंकेपायी तो लाखांनी कापतो, कारण शंका मिटवायला किती खर्च येईल हे त्यालाही ठाऊक नसतं. या भागात घर विक्रीला तयार करण्याचं खरं काम आहे ते शंका मिटवण्याचं, आणि ते काम विकणाऱ्याचं आहे.

गडचिरोलीहून आष्टीकडे निघालं की पहिलं मोठं गाव चामोर्शी. घोट, रेगडी, आष्टी या बाजूच्या खेड्यांतली माणसं पोरांच्या शाळा-कॉलेजासाठी इथे घर पाहतात. बदलीवर येऊन इथलेच झालेले शिक्षक आणि कर्मचारी निवृत्तीनंतर नागपूर-चंद्रपूरकडे मुलांजवळ जायला निघतात. कोनसरीला लॉइड्स मेटल्सचा कारखाना उभा राहिल्यापासून बाहेरची माणसंही चौकशी करू लागली आहेत. म्हणजे विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या ओळखीतले, नात्यागोत्यातले असतीलच असं आता नाही. पूर्वी ‘अमक्याचं घर आहे, काय पाहायचं’ एवढ्यावर व्यवहार होत. बाहेरचा माणूस बँकेचं कर्ज काढून येतो आणि बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध अहवाल मागतो. बँकेच्या वकिलाला अमक्याच्या शब्दाशी काही देणंघेणं नसतं.

पायाखालची जमीन कोणती

सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर शोधायचं: घर ज्या जागेवर उभं आहे ती जागा कोणत्या प्रकारची? दिसायला सारखी दिसणारी, एका ओळीतली दोन घरं कायद्याच्या नजरेत अगदी वेगळी असू शकतात.

जुन्या वस्तीतलं घर असेल तर ते बहुधा आबादीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गावठाण म्हणतात ती पूर्व विदर्भातली आबादी. तिचा इतिहास थोडा समजून घेतला तर कागद का सापडत नाहीत हे कळतं. चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा, मध्य प्रांतात होता आणि इथे मालगुजारी चालत होती. सरकारला सारा भरणारा मालगुजार हाच गावाचा मालक, त्यामुळे घराखालची जागाही त्याच्याच हद्दीतली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि १९५१ पासून हे हक्क सरकारजमा झाले. मालगुजारांचे तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले. आबादीतली घरं ज्याची त्याला राहिली, पण बहुतेकांच्या हातात मालकीचा वेगळा दस्त असा काही पडला नाही. पणजोबा राहत होते, आजोबा राहत होते, म्हणून आपण राहतो. ताब्यासाठी एवढं पुरतं, विकायला पुरत नाही. त्यात सरकारी घडामोडी अशा: १९५६ मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. म्हणून आजोबांच्या काळातलं खरेदीखत किंवा वाटणीपत्र शोधणाऱ्याला गडचिरोलीत हाती काही लागलं नाही तर चंद्रपूरच्या कार्यालयाची पायरीही चढावी लागते.

आबादीतल्या घरासाठी लोक जो कागद मालकीचा म्हणून पुढे करतात तो म्हणजे ‘आठ’. इथे एक घोळ नेहमीचा आहे. तलाठ्याकडचा गाव नमुना आठ-अ वेगळा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ वेगळा. आठ-अ हा महसूल खात्याचा: एका खातेदाराच्या नावे त्या गावात किती जमीन आहे याचा गोषवारा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरांच्या कर आकारणीची नोंद. त्यात नाव आहे याचा अर्थ कर तुमच्याकडून घ्यायचा, एवढाच. मालकीचा पुरावा म्हणून तो एकटा टिकत नाही. सोबत जुनी विक्री, वाटणी, बक्षीस यांचे दस्त, विजेच्या जुन्या पावत्या आणि सलग ताब्याचा पुरावा लागतो. चामोर्शीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली तेव्हा आकारणीच्या वह्याही बदलल्या. जुना नमुना आठ आणि नगरपंचायतीचा आकारणी उतारा शेजारी ठेवून पाहिले तर नाव, घर क्रमांक, चौरस फूट यांपैकी काहीतरी जुळत नाही असं हमखास सापडतं. ही तफावत गिऱ्हाइकानं दाखवून देण्याआधी आपण अर्ज करून दुरुस्त करून घेतलेली बरी.

आसपासच्या खेड्यांत मात्र एक नवा कागद आला आहे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून घरमालकांना मिळकत पत्रिका आणि सनद दिली जाते. आपल्या गावात ती झाली असेल तर घेऊन ठेवा, आणि घेताना क्षेत्रफळ नि सहहिस्सेदारांची नावं नीट वाचा. मोजणीच्या दिवशी जो घरी हजर होता त्याचंच नाव लागलं आणि बाकीची भावंडं राहून गेली, असं होऊ शकतं.

मुख्य रस्त्यालगतच्या नव्या घरांची गोष्ट वेगळी. ती बहुतेक शेताच्या प्लॉटवर उभी आहेत. त्यांना सातबारा असतो. त्यावर जमीन अकृषक झाली आहे का, प्लॉटचा लेआऊट मंजूर आहे का, बांधकामाची परवानगी आहे का, हे तीन प्रश्न. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल कायद्यात सवलतीचं कलम आहे आणि तुकडेबंदीचे नियमही अलीकडे सैल झाले आहेत. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी ‘होत नाही’ म्हणून परत आलेलं काम आज कदाचित होईल. तहसील कार्यालयात एकदा नव्यानं विचारा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. तलाठ्याची, म्हणजे सरकारी कागदावर आता ग्राम महसूल अधिकाऱ्याची, वाट पाहायची गरज नाही.

सातबारा हातात आला की भूधारणा पद्धतीचा रकाना वाचायचा. भोगवटादार वर्ग १ असेल तर मालक आपल्या मर्जीनं विकू शकतो. वर्ग २ असेल तर जमीन कधीतरी सरकारकडून, अटीवर मिळालेली आहे आणि विकण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हवी. या तालुक्यात हा रकाना जास्तच महत्त्वाचा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारनं चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलं, भूमिहीनांना पट्टे दिले, घरकुलांसाठी जागा दिल्या. अशा जागांवर आज पक्की, देखणी घरं आहेत. घर स्वतःच्या कष्टाचं असलं तरी जमिनीवरची अट त्यानं पुसली जात नाही. पट्ट्याचा मूळ आदेश शोधून त्यातल्या अटी वाचल्याशिवाय कुणाकडूनही इसार घेऊ नये.

आणि मग गडचिरोलीचा सगळ्यात मोठा प्रश्न: जमीन आदिवासी खातेदाराची आहे का? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम ३६ आणि १९७४ च्या दुरुस्तीनं आलेलं ३६-अ यांनुसार अनुसूचित जमातीच्या खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. बिगर-आदिवासीला विकायची असेल तर राज्य शासनाची मान्यताही लागते, आणि गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर ग्रामसभेची मंजुरी. चामोर्शी तालुक्यातली काही गावं १९८५ च्या आदेशानं अनुसूचित क्षेत्रात आहेत, सगळी नाहीत. आपलं गाव कशात येतं हे तहसीलमध्ये पाहून घ्यावं. ‘हे कलम शेतीला लागतं, घराला नाही’ असं दलाल बिनधास्त सांगतो. त्यावर विसंबू नका. परवानगीशिवाय झालेला व्यवहार अनेक वर्षांनीही उघडा पडू शकतो आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. या कायद्याबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. पण तो का करावा लागला हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी गेल्या शतकात सावकारीत गेलेल्या जमिनींचे फेरफार काढून वाचावेत.

वनहक्काचा पट्टा असेल तर प्रश्नच मिटतो: २००६ च्या कायद्यानुसार तो वारसांना मिळतो, पण विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर २०१३ मध्ये ग्रामदानाचा निर्णय घेतला आणि एकेकाची जमीन गावाची केली. तिथे ‘घर-जमीन विकणे आहे’ ही पाटी लागायची नाही. चामोर्शीहून फार लांब नाही ते गाव. एका जिल्ह्यात मालकीच्या किती तऱ्हा नांदू शकतात हे तिथे गेलं की कळतं.

बहिणींची सही

कागदाचा दुसरा भाग घरातलाच आहे आणि म्हणून अवघड आहे. ज्याच्या नावावर घर आहे तो हयात नसेल तर आधी वारसनोंद आणि फेरफार. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, शपथपत्र. यादीत बहिणी येतातच. ‘बहिणींचं लग्नात देऊन झालं’ ही भाषा अजून ऐकू येते. कायद्यात तिला किंमत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलाइतका हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. हा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही, म्हणून आदिवासी घरांत ‘आमच्यात मुलीला नसतं’ असं म्हटलं जाई. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, मुलीला वगळणारी प्रथा सिद्ध झाली नसेल तर तिला समान हिस्सा मिळालाच पाहिजे असं ठरवलं. गडचिरोलीतल्या गोंड घरांनी हा निकाल माहीत करून घ्यायला हवा.

बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडांमध्ये, मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र आहे; खर्चाची सबब सांगता येत नाही. पण माझं मत विचाराल तर विक्रीच ठरली असेल तेव्हा हक्कसोडाची घाई करण्यापेक्षा बहिणीला विक्रीपत्रात विकणारी म्हणून सहीला बोलवावं आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात जावेत. रक्षाबंधनाला आलेली बहीण कोऱ्या कागदावर सही करून गेली आणि चार वर्षांनी दिवाणी न्यायालयात दावा लागला, असे व्यवहार कमी नाहीत. बाहेरगावचा भाऊ येऊ शकत नसेल तर त्याचं मुखत्यारपत्र नोंदणीकृतच हवं. वारसांत कुणी अठरा वर्षांखालचं असेल आणि त्याचा वेगळा हिस्सा असेल तर तो विकायला न्यायालयाची परवानगी लागते. त्यात महिने जातात, म्हणून ही गोष्ट आधीच पाहायची.

मोजणीही याच टप्प्यावर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा; नियमित मोजणीला वेळ जास्त आणि फी कमी, द्रुतगतीला उलट. मोजणीची नोटीस शेजाऱ्यांना जाते, त्यांच्यासमोर हद्दीच्या खुणा होतात आणि नकाशाची ‘क’ प्रत हाती येते. शेजाऱ्यानं बोळात दीड फूट भिंत पुढे घेतलेली असेल तर ती आत्ता दिसेल. घर विकणारा सहसा म्हणतो, ‘आता जायचंच आहे, कशाला वाईट व्हायचं?’ म्हणून तो खरेदीखतात जुन्याच चतुःसीमा लिहून मोकळा होतो, आणि भांडण नव्या माणसाच्या पदरात पडतं. ते पदरात पडणार हे नवा माणूस ओळखून असतो. तो भावातूनच ते वसूल करतो.

आता भिंतींकडे

चामोर्शीतलं जुनं घर बहुधा दोन काळांचं असतं. पुढे ओसरी, सागवानी खांब, मयाल, वर कवेलू. मागे नव्वदच्या दशकात कधीतरी पगार वाढल्यावर टाकलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. त्याच्याही मागे सांदवाडी, विहीर, न्हाणी. या दोन काळांच्या सांध्यावर, म्हणजे उतरतं छप्पर स्लॅबच्या भिंतीला टेकतं तिथे, घराचा सगळ्यात मोठा आजार बसलेला असतो. पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि आत झिरपतं. पाहायला आलेला जाणता माणूस आधी तिथेच मान वर करून पाहतो. सांध्याचा पन्हळ दुरुस्त करायला दोन दिवस पुरतात. न केल्यास खालची अख्खी भिंत दोषी ठरते.

ओल दोन तऱ्हेची असते, आणि ती ओळखल्याशिवाय रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. वरून उतरणारी ओल छपराची: पावसाळ्यात डाग वाढतो, उन्हाळ्यात वाळतो. खालून चढणारी ओल जमिनीची. जुन्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या, जोत्याला ओलरोधक थर नाही, विटा सच्छिद्र. जमिनीतलं पाणी विटांतल्या सूक्ष्म पोकळ्यांतून दोन-तीन फूट वर चढतं, भिंतीच्या पृष्ठभागावर उडून जातं आणि बरोबर आणलेले क्षार मागे ठेवतं. तोच तो पांढरा लोणा. यावर घरमालक प्लॅस्टिक पेंट मारतो. पेंटची पापुद्री पाण्याला बाहेर पडू देत नाही, आत दाब वाढतो, क्षार पापुद्रीमागे साचतात आणि काही महिन्यांत फोड येऊन रंग पापडासारखा सुटतो. जानेवारीत रंगवलेली भिंत जुलैत विकणाऱ्याची लबाडी सांगते. अशा भिंतीचा लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढावा, विटा उन्हाळाभर उघड्या वाळू द्याव्यात, मग चुन्याचा गिलावा करून चुन्यानंच पोतावं. चुना पाण्याची वाफ बाहेर सोडतो. दिसायला तो साधा दिसतो, पण टिकतो, आणि जुन्या घराला शोभतो. भिंतीलगत अंगणाची माती जोत्यापर्यंत चढली असेल तर ती आधी उतरवून घ्या. निम्मी ओल तेवढ्यानंच कमी होते.

कवेलूंचं म्हणाल तर माकडांनी आपल्याकडे त्यांची दैना केली आहे. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, फुटके बदलायचे हा दरवर्षीचा नेम. तो कंटाळवाणा झाला म्हणून आणि देशी कवेलू घडवणारे कुंभार कमी झाले म्हणून लोक टिनाकडे वळले. विक्रीआधी सगळं छप्पर काढून टिन टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. नवा मालक बहुतेकदा पुढचा भाग पाडून स्लॅबच टाकणार असतो. टिनाचा खर्च तो तुम्हाला भरून देणार नाही. फुटके कवेलू बदला, गळती थांबवा, पुरे.

लाकडाकडे मात्र जास्त लक्ष हवं, कारण आपल्या भागात घराच्या किमतीत लाकडाची स्वतंत्र किंमत धरली जाते. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागवानाची ख्याती सांगायला नको. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथूनच सागवान गेलं. जुन्या घरातला मयाल कधी कधी दोनशे वर्षांच्या झाडाचा असतो. पण ‘सागवान आहे, त्याला काय होतंय’ हे पूर्ण खरं नाही. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड आणि मध्ये भरलेली दुसऱ्या झाडाची फाटी ती पोखरते. खांबाच्या बुडाशी आणि भिंतीत घुसलेल्या मयालाच्या टोकाशी बोटानं ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर औषध मारून घ्या आणि झालेली दुरुस्ती गिऱ्हाइकाला दाखवा. रंगानं झाकू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मधलं कलम ५५ सांगतं की साध्या पाहणीत न दिसणारा, पण आपल्याला माहीत असलेला महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक धरली जाऊ शकते.

लाकडाबद्दल अजून एक. जुनं लाकूड उतरवून वेगळं विकायचं किंवा स्वतःच्या नव्या घरासाठी नागपूरला न्यायचं ठरवलं, तर ते ट्रॅक्टरवर टाकून थेट निघता येत नाही. सागवानाच्या वाहतुकीला वन विभागाचा परवाना लागतो, ते शंभर वर्षं घरात असलं तरी. नाक्यावर अडल्यावर ‘हे आमच्या आजोबांचं’ म्हणून सुटका होत नाही. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. सांदवाडीतली झाडंही तशीच. जागा मोठी दिसावी म्हणून लोक विक्रीआधी आंबा किंवा चिंच तोडायला निघतात. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि तोडायची तरी कशाला? मे महिन्यात चामोर्शीत घर पाहायला आलेल्या माणसाला आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून द्या. त्या झाडाची किंमत तो स्वतःच लावेल.

बाकीची आवराआवर थोडक्यात: विहीर उपसून पाणी दाखवता येईल अशी ठेवा, शौचटाकी कुठे आहे ते सांगता यायला हवं, न्हाणीचं पाणी शेजाऱ्याच्या बाजूला जात असेल तर वळवा, माळ्यावरची तीस वर्षांची अडगळ काढा, खिडक्या उघडा. देवघर हलवायचं असेल तर घर दाखवायला सुरुवात करण्यापूर्वी हलवा. गिऱ्हाइकासमोर सासूबाईंना ‘देव कुठे नेऊ’ म्हणून रडू कोसळलं तर कुणालाच बरं वाटत नाही. घर दक्षिणमुखी असेल तर गिऱ्हाईक त्यावरून भाव पाडायला बघणार, याची तयारी ठेवा. दार फोडून पूर्वेला करू नका.

पूर, हंगाम आणि भाव

वैनगंगेच्या काठच्या गावांत, आणि चामोर्शीच्या सखल वस्तीतही, घेणारा विचारतो: पाणी कुठवर आलं होतं? गोसेखुर्द धरणाची दारं उघडली आणि वर पाऊस असला की खाली रस्ते बंद होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. याचं उत्तर खरं द्यावं. जलसंपदा विभागाची पूररेषा आखलेली असेल तर निळ्या रेषेच्या आतलं घर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या टप्प्यात, लाल रेषेच्या आतलं १०० वर्षांतून एकदाच्या. घर या रेषांबाहेर असेल तर तसा दाखला ही विक्रीची मोठी जमेची बाजू आहे.

घर दाखवायचा चांगला काळ म्हणजे धान विकून हातात पैसा आल्यानंतर, डिसेंबर ते होळी. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला गावोगावची माणसं येतात तेव्हा बोलणीही होतात. पण ज्याला आपल्या छपरावर भरवसा आहे त्यानं एकदा भर पावसातही दाखवावं. कोरडं घर ऑगस्टमध्ये दाखवणाऱ्याला फार काही बोलावं लागत नाही.

भाव ठरवताना दोन आकडे समोर हवेत. एक सरकारचा: नोंदणी विभागाचा वार्षिक बाजारमूल्य दर, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क हा दर आणि ठरलेली किंमत यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. दुसरा, आपल्याच गल्लीत अलीकडे झालेल्या व्यवहारांचा. तो नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स-२ मधून कळतो. ‘कारखाना आल्यावर दुप्पट होणार’ हा तिसरा आकडा चहाच्या टपरीवरचा आहे. तो धरून बसलेली घरं मी वर्षानुवर्षं कुलपात पाहतो, आणि कुलपातलं घर वाळवीचंच होतं.

पैसे घेताना रोख रकमेचा मोह टाळा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त इसार रोखीत घेतला तर तेवढाच दंड आयकर खातं विकणाऱ्याला लावू शकतं. शंभराच्या, आता पाचशेच्या, स्टॅम्पवर लिहून ताबा द्यायची पद्धतही सोडा. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय हस्तांतरित होत नाही हे १८८२ पासूनचं आहे, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात पुन्हा बजावलं. असा अर्धवट व्यवहार केला की पैसे हातात येतात, पण कराची नोटीस, विजेची थकबाकी आणि पुढची भांडणं तुमच्याच नावावर येत राहतात.

नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक आणि फी रिवाजानुसार घेणारा भरतो. घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. गिऱ्हाइकाला हे आपण होऊन सांगा, त्याचे काही हजार वाचतात आणि बोलणी सोपी होतात. विकणाऱ्याच्या बाजूला भांडवली नफ्याचा कर येतो. दोन वर्षांहून जास्त काळ मालकीत असलेल्या घराला २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, किंवा त्याआधी घेतलेलं असल्यास महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी पडेल तो. वडिलोपार्जित घर २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, आणि दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. चामोर्शीतल्या बऱ्याच जुन्या घरांना हा हिशेब केल्यावर कर फारसा लागत नाही. पण हिशेब विक्रीआधी करा, मार्चमध्ये नको.

नगरपंचायतीची कर थकबाकी नसल्याचा दाखला, महावितरणचं शेवटचं भरलेलं बिल, मोजणीची ‘क’ प्रत, वारस फेरफार, जुने दस्त, सर्व वारसांचे आधार आणि पॅन: एवढं एका फाइलमध्ये आलं की घर विक्रीला तयार झालं. यात सगळ्यात जास्त वेळ खातात त्या दोनच गोष्टी, वारसनोंद आणि मोजणी. येत्या हंगामात घर विकायचं असेल तर या दोहोंचे अर्ज पावसाळ्यातच द्या, आणि त्याआधी बहिणींना फोन करा.